रेचे बंद असताना लावलेले नंबर

आमचं वर्ष डिसेंबरात संपत नसे. ते संपायचं संक्रांतीला, जिनिंगचे रेचे तीन दिवस बंद राहायचे तेव्हा, कारण त्याआधी घरात धड बोलायचीच सोय नव्हती. बाबा आदिलाबादच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बाबू होते आणि आवाराच्या मागच्या भिंतीला टेकून असलेल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरात आम्ही राहायचो. रेचा म्हणजे कापसातली सरकी आणि रुई वेगळी करणारं यंत्र. अशा रेच्यांच्या दोन रांगा आमच्या स्वयंपाकघरापासून हाकेच्या अंतरावर होत्या. हाकेच्या म्हणते खरी, पण हाक कोणाला ऐकू जायची? दिवाळीला ते सुरू झाले की ऊन तापेपर्यंत दोन पाळ्यांत खडखड चालायचे. मांडणीवरचे डबे आपोआप सरकायचे. मायला मीठ मागायचं तरी तिच्या कानाला तोंड लावावं लागायचं, आणि तिला ऐकू गेलं नाही तर पुन्हा मागायचा कंटाळा येऊन आम्ही अळणी जेवायचो. आता मला उजव्या कानानं निम्मंच ऐकू येतं. कानाचे डॉक्टर विचारतात, तुम्ही एखाद्या कारखान्यात कामाला होता का. मी म्हणते, नाही हो, माहेरी होते.

आवाजाची सवय तरी होते. बाकीच्या नेमांची मला कधीच झाली नाही. आवारात कापसाच्या गंज्या लागलेल्या, हवेत रुईचे तंतू उडताहेत, एक ठिणगी पडली तर सगळं खाक. म्हणून हंगामात क्वार्टरात चूल नाही, उदबत्ती नाही, काही नाही. सकाळी भिंतीवरच्या तसबिरींपुढं उभं राहून आम्ही वंदना म्हणायचो, ती न पेटवलेल्या मेणबत्तीपुढं. एकच मेणबत्ती अख्खा हंगाम पुरायची. गॅस होता, पण स्वयंपाकघराच्या दाराला ओलं पोतं लावल्याशिवाय तो पेटवायचा नाही. आणि वांगं भाजणं, पापड भाजणं, शेंगा भाजणं सगळं बंद. तुरीच्या शेंगा उकडून खायच्या. ज्वारीची भाकर कितीही झाकून ठेवली तरी घासात एखादा तंतू निघायचाच, अंबाडीच्या भाजीत तर तो डोळ्यांना दिसायचाही नाही, जिभेवर कळायचा. खिडक्यांना बारदान ठोकलेलं. कपडे बाहेर वाळत घातले की त्यांच्यावर पांढरी लव चढायची, म्हणून तेही आतच वाळायचे आणि खोल्यांना चोवीस तास ओल्या लुगड्यांचा वास. फाटकाबाहेर जायचं तर सकाळी ट्रॅक्टरांची रांग लागायच्या आधी. नंतर बायामाणसांनी आवारात फिरायचं नाही असा मॅनेजरचा हुकूम होता. माय अंगणवाडीत मदतनीस होती, ती सकाळीच निघून जायची आणि चारला यायची. मी मात्र आत. आत म्हणजे अगदी आत.

माझं तेव्हा ‘लाँग टर्म’ चालू होतं. तेलंगणात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. इंटर, म्हणजे बारावी, झाल्यावर डॉक्टरकीच्या परीक्षेत नंबर लागला नाही, की पोरगं पुढचं अख्खं वर्ष त्याच पुस्तकांपुढं पुन्हा बसतं, ते लाँग टर्म. त्यासाठी पोरं हैदराबादच्या हॉस्टेलांत जातात. मी घरीच बसले, फोनवरच्या क्लासवर. म्हणजे काय, तर त्या खडखडाटात एक सर फळ्यापुढं तोंड हलवताना मी रोज बघायचे. त्यांनी खडूनं बेडकाचं काळीज काढलं की मीही वहीत काढायचे. बाबा दुपारी जेवायला आले की दारातून माझ्याकडं बघून समाधानानं मान हलवायचे, पोरगी शिकून राह्यली म्हणून. कपाळ माझं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी पेन फिरवत राहायचे, आणि ते काट्यावर परत गेले की जपानी कार्टूनच्या मालिका लावायचे. कार्टून म्हटलेलं मला तेव्हा खपायचं नाही, ॲनिमे म्हणा म्हणून मी भांडायचे. आता कोणी काहीही म्हटलं तरी चालतं.

ॲनिमेचा नाद मला आणि माझ्या एका मैत्रिणीला शाळेपासूनचा. वर्ष सरलं की त्या वर्षी पाहिलेल्या मालिकांचे आम्ही नंबर लावायचो, भांडून, रुसून, एकमेकींशी अबोला धरून. नंबर लावायची रीत काट्यावरून उचललेली होती. कापसाची गाडी आली की व्यापारी मूठभर कापूस ओढून बघत आणि ओरडत, एक नंबर, दोन नंबर. हंगाम संपता संपता झाडांवर उरलासुरला निकामी कापूस यायचा, त्याला म्हणायचे फरदड. आमची शेवटची मालिका नेहमी फरदड असायची. त्या वर्षी मैत्रीण हैदराबादच्या हॉस्टेलात गेली आणि तिथं पोरींचे फोन काढून घेऊन कपाटात कोंडले. त्यामुळं पावसाळाभर मी एकटीच बघितलं. पावसाळ्यात रेचे झोपलेले असतात, तेव्हा आवाज तरी मनसोक्त ऐकता आला. पण बघून झाल्यावर बोलायला कोणी नसलं की बघितलेलं अंगी लागत नाही. मी कधीकधी एकटीच भिंतीशी भांडायचे.

दिवाळी झाली, रेचे सुरू झाले, आणि त्याच सुमाराला शालूआत्या आली. बाबांची धाकटी बहीण, मुधोळला दिलेली. एक पिशवी घेऊन आली आणि मायच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, “वयनी, मी आता थितं जात नाई.” तिची तक्रार ऐकून बाबांना हसावं की रागवावं हेच कळेना. तिचा नवरा, दिलीपमामा (आमच्याकडं आत्याच्या नवऱ्यालाही मामाच म्हणतात), तिच्याशी बोलत नसे. भांडण झालं होतं म्हणावं तर तेही नाही. लग्नानंतर कधीतरी बोलणं थांबलं ते थांबलंच. काही सांगायचं असलं तर आत्या समोर बसलेली असताना तो आपल्या आईला सांगायचा, “तिले सांग, पान्याची मोटर लावून ठेव म्हना.” मग आई तेच वाक्य आत्याला पुन्हा सांगायची. आई गावाला गेली तर शेजारच्या पोराला हाक मारून त्याच्या तोंडून निरोप. “मले आवाज देल्लाच नाई त्यानं कधी,” आत्या सांगायची. “माह्यं नाव त्याले येते का नाई, तेबी माहीत नाई.”

“मारते काय तो तुले?” बाबांनी विचारलं. रेच्यांमुळं हे त्यांना ओरडून विचारावं लागलं.

“नाई.”

“पेते?”

“नाई.”

“बाहेर काई हाय त्याचं?”

“नाई ना दादा.”

“मंग काऊन आली?”

ह्यावर आत्या पुन्हा तेच सांगायची आणि बाबा पुन्हा तेच विचारायचे. महिनाभर हे चाललं. बाबा वाईट नव्हते. ह्या बहिणीला त्यांनी खांद्यावर बसवून शाळेत सोडलं होतं, आणि ती आल्यापासून बाजारातून येताना तिच्यासाठी आठवणीनं शेव-चिवडा आणायचे. पण न बोलणं हे दुःख असू शकतं हे त्यांच्या डोक्यात शिरेना. न मारणारा, न पिणारा नवरा सोडून बहीण घरी बसली, तर लोकांना सांगायचं काय? त्यांनी मुधोळला निरोप धाडला, की संक्रांतीच्या सुट्टीत या, बसून बोलू. रेचे चालू असताना बैठक घेऊन उपयोग नव्हता, कोणाचं कोणाला ऐकू गेलं असतं? म्हणून आत्याला संक्रांतीपर्यंत मुदत मिळाली. माय एवढंच म्हणाली, “ठेवाचं असन तं ठेवा, धाडाचं असन तं धाडा, पन तोवर तिले सुखानं जेवू द्या.”

तर दुपारी बाबा गेल्यापासून माय येईपर्यंत त्या दोन खोल्यांत आम्ही दोघीच. जिथं कोणी बोलत नव्हतं तिथून आत्या आली, ती जिथं बोललेलं ऐकू येत नाही तिथं. एके दिवशी तांदूळ निवडता निवडता तिनं माझ्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावलं आणि बसली ती बसलीच. मग पोह्याच्या डब्याला फोन टेकवून आम्ही रोज बघायला लागलो. वर्षभरात मी पाहिलेल्या नऊ मालिका मी तिला पहिल्यापासून दाखवल्या. आवाज अर्थात नाहीच. कानात घालायच्या वायरी होत्या माझ्याकडं, पण आवारात कोणी कानात काही घालायचं नाही हा सगळ्यात कडक नेम. आग लागली की भोंगा वाजतो, तो प्रत्येकाला ऐकू गेलाच पाहिजे. त्यामुळं आमचे ॲनिमे मुके. खाली इंग्रजी अक्षरं धावायची ती मी वाचायचे, आणि मला तर पावसाळ्यात ऐकलेलं सगळं पाठच होतं. आत्या तेलुगू शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. तिनं एक शब्द जुळवेपर्यंत पुढची ओळ यायची. सुरुवातीला मी तिच्या कानात सांगायचा प्रयत्न केला, तर माझा घसा बसला. मग रेच्यांवरचे कामगार करतात तशा खुणा करून बघितल्या. पण त्या खुणा म्हणजे थांबव, भर, कापूस ओला आहे, मालक आला, एवढ्याच. त्यावर जपानी राजकन्येचं दुःख कसं सांगणार? आत्यानंच हातानं मला गप्प केलं. समजून राह्यलं मले, म्हणाली. आणि खरंच, हसायच्या जागी हसायची, रडायच्या जागी पदर डोळ्यांना लावायची. मला वाटलं, समजतंय तिला. संध्याकाळी पाळी बदलताना रेचे थोडा वेळ थांबायचे, पण तेव्हा बाबा घरात असायचे, आणि त्यांच्यापुढं ॲनिमेचं नाव काढायची कोणाची हिंमत?

त्या मालिकांची खरी नावं जपानी आणि हातभर लांब. आम्ही आमची ठेवली होती. डोंगरावरच्या म्हाताऱ्या कासवाची ती ‘कासव’. ज्या शाळेत मेलेले मास्तर शिकवायला येतात ती ‘मेलेले मास्तर’. गावोगाव मीठ विकत फिरणाऱ्या दोघा भावांची ‘मीठवाले’. आणि एक होती ‘दिवेवाला’. समुद्रातल्या एका बेटावर गलबतांना वाट दाखवणारा मोठा दिवा असतो, तो रोज लावणारा एक माणूस आणि त्याची बायको. तो बोलत नाही. दिवा पुसतो, वात कापतो, जेवतो, झोपतो. एवढंच चालतं दहा भाग, नुसतं धुकं आणि लाटा. मला ती मालिका बघताना जांभया यायच्या. आत्या मात्र तेव्हा तांदूळ निवडायचं सूप बाजूला ठेवून द्यायची. आता वाटतं, मी तिच्याकडं तेव्हाच नीट बघायला हवं होतं, पण त्या वयात पोरी फोनकडं बघतात.

भोगीच्या दिवशी सकाळी रेचे थांबले. दरवर्षी ते थांबले की पहिला तासभर मला भीती वाटायची, इतकी शांतता अंगावर यायची. सगळे सवयीनं ओरडून बोलायचे आणि मग आपलाच आवाज ऐकून ओशाळायचे. बाहेर कोणी खाकरलं तर घरात ऐकू येई. मायनं दाराचं पोतं दोनदा भिजवलं आणि चोरून तीळ भाजले. बाबा दरवर्षीप्रमाणे म्हणाले की हे आपले सण नाहीत, आणि उभ्या उभ्या चार लाडू खाऊन गेले. जाता जाता सांगून गेले, “शालू, उद्या येतीन ते. दोघं भाऊ येऊन राह्यले.” आत्या बरं म्हणाली. ती इतकी शांत होती की मलाच राहवेना.

बाबा गावात गेले, माय लाडू वळत आतल्या खोलीत बसली, आणि आम्ही दोघींनी नंबर लावायला घेतले. शेवटून वर जायचं अशी आमची पद्धत. बोलायला लागलो आणि पाचच मिनिटांत मी पोट धरून हसायला लागले. आत्याच्या मते मीठवाले दोघे भाऊ नव्हतेच, नवरा-बायको होते. “मंग येवढे केसं लांब काऊन त्याचे? अन् भांडत होते कसे, पाह्यलं ना तू.” कासव शेवटी मरतं, तर तिच्या मते ते थंडीपुरतं झोपलं होतं. मेलेले मास्तर मेलेले होते हे तर तिला पत्ताच नव्हता, ती म्हणाली, “मले वाटलं पगार नाई भेटला त्याईले, म्हनून असे पांढरे पडले.” म्हणजे माझ्या नऊ मालिका तिनं पाहिल्याच नव्हत्या. तिनं आपल्या वेगळ्याच नऊ पाहिल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या दोन-तीन माझ्यापेक्षा बऱ्या होत्या. आतून मायनं विचारलं, काय झालं गं पोरींनो. दिवाळीनंतर पहिल्यांदाच आमच्या घरात कोणाचं हसणं कोणाला ऐकू गेलं होतं.

“दिवेवाला फरदड,” मी म्हणाले.

“काईबी बोलतं तू,” आत्या म्हणाली. “दिवेवाला एक नंबर. त्याच्यावर कोनीच नाई.”

“काऊन पण? किती संथ आहे तो.”

“ते बाई पाह्य ना तू. भांडली नाई, रडली नाई, कोनाले इचारलं नाई. एका सकाळी उठली न बोटीत बसून गेली. मंग तो बसला थितं दिवा पुसत.” ती जरा पुढं सरकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, “रात्री निजली का मले तेच दिसते. उद्या मी दादाले तसंच सांगणार हाय. मी गेली थितून. झालं. येवढं एकच वाक्य मी पाठ करून ठेवलं.”

मी काही विचार केला नाही. आधीच्या मालिकांचं जसं दुरुस्त केलं तसंच म्हणाले, “पण ती तर परत येते, आत्या.”

“कुठं परत येते? शेवटी बोटीतच रायते.”

“बोटीत बसून परतच येते ती. तो तिला बोलावतो.”

आत्याचं हसणं गेलं. म्हणाली, “लाव.” मी शेवटचा भाग लावला, फोनचा आवाज पूर्ण वाढवला. धुकं होतं, धुक्यात बोट. ती जाते आहे की येते आहे हे चित्रावरून खरंच कळत नव्हतं, हे मला तेव्हा प्रथमच दिसलं. खडकावर तो माणूस आपल्याकडं पाठ करून उभा. आणि त्या दहा भागांत पहिल्यांदा त्याचा आवाज आला. जाड, खरखरीत, कित्येक वर्षं न वापरलेला असावा तसा. आत्या दचकली.

“हा कोन बोलून राह्यला?”

“तोच.”

“त्याचं तोंड कुठं दिसते?”

“पाठमोरा आहे ना तो. पण तोच बोलतोय.”

“काय म्हनते?”

मी सांगितलं. तो म्हणतो, बोलायचं राहून गेलं. आज दिवा तू लाव. घरी चल. आत्यानं ते पुन्हा लावायला सांगितलं, आणि पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा तिनं फोन हातात घेऊन कानाला लावला, जणू तिचाच फोन आला आहे. मग तो माझ्या हातात देऊन म्हणाली, “मंग बरोबर हाय. बोलला, म्हनून आली.”

“आत्या, ते गोष्टीत आहे.”

“गोष्टीत तं गोष्टीत. त्यानं उद्या सोता मले म्हटलं ना, घरी चल म्हनून, तं मी जाईन. लोकं म्हनतीन म्हनून नाई. माह्या मनानं जाईन.”

नंबर लावायचे तिथंच राहिले. रात्रभर मला त्या दिवेवाल्याचा राग येत राहिला. आणि सगळं आत्यासाठीच होतं असंही नाही, उगाच कशाला खोटं लिहू. ती गेली की दोन दिवसांनी रेचे सुरू, आणि मग उन्हाळ्यापर्यंत ते ठोकलेलं बारदान, ती ओली लुगडी आणि तो तोंड हलवणारा सर.

दुसऱ्या दिवशी जेवणाआधी ते दोघे आले. दिलीपमामाचे मोठे भाऊ मुधोळकडं शाळेत मास्तर होते, पांढरा शर्ट, गोड बोलणं. बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकली. मायनं चहा आणि लाडू ठेवले. मी आतल्या दारामागं फिजिक्सचं पुस्तक घेऊन उभी. मास्तर छानच बोलले. म्हणाले की घर म्हटलं की कमीजास्त असतेच, आमच्या आईचंही वय झालं, तिलेही हाताखाली कोनी पाह्यजे, शालूनं मनात काही ठेवू नये. बाबा माना डोलवत होते. म्हणाले, “माह्या बहिनीचं काई चुकलं असन तं मी माफी मांगतो.” दिलीपमामा भिंतीला टेकून बसला होता. साधा, स्वच्छ माणूस, चेहऱ्यावर राग नाही, गुर्मी नाही. लाडू दोन्ही हातांनी अलगद फोडून खात होता. त्याला बघून माझंही बाबांसारखं झालं. वाटलं, ह्याच्यात वाईट काय आहे?

आत्या उंबऱ्याशी येऊन बसली. पाठ केलेलं वाक्य तिनं म्हटलंच नाही. म्हणाली, “मी येतो. सामानबी भरतो. पन मले ह्याईच्या तोंडून ऐकाचं हाय. दुसऱ्या कोनाच्या नाई. मले म्हना, घरी चल म्हना. येवढंच.”

बाबांना एकदम हुरूप आला. एवढ्याशा गोष्टीवर सगळं मिटत होतं. ते गुडघ्यांवर हात टेकून पुढं झुकले. “बोला जवाईबापू. एक शब्द बोलून टाका.” मास्तरही म्हणाले, “बोल ना रे दिलीप, काय लाजतं.” रेचे बंद होते. कुठंही काही वाजत नव्हतं. माय चहाची बशी हातात धरून तशीच उभी राहिली. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोलू नको, बोलू नको. आणि मग मला आत्या दिसली. ती पण पुढं झुकली होती, तोंड किंचित उघडं, डोळे त्याच्या ओठांवर. तिला हवं होतं त्यानं बोलायला. आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त तिलाच हवं होतं. दिलीपमामानं हातावरचे तीळ झटकले. घसा साफ केला. आत्याकडं बघितलंही त्यानं, बहुतेक. मग मास्तरांकडं मान वळवून म्हणाला,

“दादा, तिले सांगा, पाचची गाडी हाय. सामान भरून ठेव म्हना.”

आणि मास्तर सवयीनं आत्याकडं वळले. “शालू, तो म्हन्ते, पाचची…” एवढं बोलून ते थांबले.

बाबा मागं सरकले. दिवाळीपासून ते विचारत होते, मंग काऊन आली. ते आत्याकडं बघत राहिले, मग दिलीपमामाकडं, मग मास्तरांकडं. शेवटी बाबांनी मास्तरांना अगदी हळू सांगितलं, “गुरुजी, पाचची गाडी तुमची हाय. तिची नाई. जेवून जा आता.” मास्तर काही बोलायला गेले तर बाबांनी हात वर केला. माझ्या आठवणीत बाबांनी कोणाला असं थांबवलेलं ते पहिल्यांदाच.

मायनं ताटं केली. वाढायला आत्याच गेली, मी जाते म्हटलं तर मला बाजूला सारून. ती भाकर घेऊन दिलीपमामापुढं उभी राहिली आणि तशीच थांबली, घ्यायची की नको ते त्यानं सांगावं म्हणून. सगळ्यांचे घास हातात. त्यानं ताटावर आपला पंजा आडवा धरला. आत्या पुढच्या ताटाकडं गेली.

पाचच्या गाडीनं दोघेच गेले. बाबा त्यांना फाटकापर्यंत सोडून आले. त्यानंतर त्यांनी आत्याला तो प्रश्न कधी विचारला नाही. पण तिची सुटका झाली असं कोणी वाचणाऱ्यानं समजू नये. ती त्याच दोन खोल्यांत आमच्याबरोबर आणखी तीन हंगाम राहिली, नंतर एका मुलींच्या हॉस्टेलात स्वयंपाकाला लागली. माझाही डॉक्टरकीला नंबर लागला नाही, दुसऱ्यांदाही नाही. फाटकाबाहेर आम्ही दोघी कशा पडलो, ती वेगळीच रडकथा आहे. त्या संध्याकाळी मात्र कोणीच कुठं गेलं नव्हतं. माय भांडी घासत होती, बाबा बाहेर बाजेवर पडले होते, आणि आत्या माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसली होती. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. म्हणाली,

“तो दिवेवाला खाली घे.”

“कितवा?”

“सगळ्याच्या खाली. असं होत नसते कुठं.”

मी बरं म्हणाले. तिनं गुडघे पोटाशी ओढून घेतले, पदर तोंडावर धरला आणि पदराआडूनच बोलली.

“मले लय वाटलं होतं गं, बोलन म्हनून.”